घर आखणारे आणि घर चालवणाऱ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आहार, आरोग्य, बालसंगोपन असे विषय घेण्याची प्रथा आहे, आणि ती चांगलीच आहे. आज मी विषय घेतला आहे तो आजच्या वास्तुकलेचा आणि ती करणाऱ्या माणसांचा. विषय ऐकून कोणाला वाटेल, नांदगाव खंडेश्वरच्या बायकांना वास्तुकलेशी काय कर्तव्य? ते मुंबई-दिल्लीच्या उंच इमारतींचे काम. आपल्याकडे घर मिस्त्री बांधतो, नकाशा इंजिनिअर काढतो आणि पैशाची जुळवाजुळव घरधनी करतो. आपले काम भूमिपूजनाला हळदकुंकवाचे ताट धरणे आणि वास्तुशांतीला पुरणाचा स्वैपाक करणे.

पण थोडा विचार करा. बांधून झालेल्या घरात दिवसाचे सर्वांत जास्त तास कोण काढते? बैठकीची खोली ऐसपैस आणि स्वैपाकघर मागच्या कोपऱ्यात अंधारे झाले, तर त्या अंधारात तांदूळ कोण निवडते? मोरीचे पाणी तुंबले तर ते कोण उपसते? ‘घर पाहावे बांधून’ अशी म्हण आहे. तिच्यात बांधणाराचे कष्ट आले; राहणारीचे आले नाहीत. ज्या घरात आपल्याला चाळीस वर्षे काढायची, ते आखले जात असताना आपण चहाचे कप नेऊन ठेवतो आणि परत आत येतो. हे बरोबर नाही, आणि जगातले आजचे जाणते वास्तुविशारदही ते बरोबर मानीत नाहीत, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. ‘वास्तू’ हा शब्द काढला की आपल्यापैकी पुष्कळ जणींना दिशा आठवतात. देवघर ईशान्येला, चूल आग्नेयेला, वगैरे. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी ती खुशाल पाळावी. मी बोलते आहे ती वास्तुकला वेगळी. जागा, ऊन, वारा, पाणी, माती, पैसा आणि राहणारी माणसे ह्या सगळ्यांचा मेळ घालून घर आखण्याची ती विद्या आहे. ती पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शिकवतात. १९७२ साली आपल्या देशात वास्तुविशारदांचा कायदा झाला, आणि तेव्हापासून ह्या विद्येची पदवी घेऊन रीतसर नोंदणी केल्याखेरीज कोणाला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. इंजिनिअर घर पडणार नाही हे पाहतो, मिस्त्री ते प्रत्यक्ष उभे करतो, आणि त्यात माणसे सुखाने कशी राहतील हे पाहणे वास्तुविशारदाचे काम. हे तिसरे काम करायला आपल्या तालुक्याच्या गावी बहुधा कोणीच नसते. म्हणून ते मिस्त्रीवर पडते, किंवा कोणावरच पडत नाही.

ह्या विद्येला आपले गाव परके आहे असे मात्र मुळीच समजू नका. आपल्या खंडेश्वराच्या देवळाकडे पाहा. यादवांच्या काळातले हे हेमाडपंती बांधकाम. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे चुन्याचा दर्जा न भरता एकमेकांत बसवायचे आणि त्यांच्याच भाराने सगळे तोलून धरायचे, अशी ही पद्धत. ज्यांनी हे साधले ते ह्याच उन्हात, ह्याच दगडावर काम करणारे कारागीर होते.

देवळाचे सोडा, आपली जुनी घरेही काही कमी शहाणपणाने बांधलेली नव्हती. आपल्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. हा भेद उगीच पडलेला नाही. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली की भिंतही तिच्याबरोबर हलते. म्हणून आपल्या पूर्वजांनी पीक काळीत घेतले आणि घर पांढरीवर बांधले. आता गावे वाढली. नवे प्लॉट शेतजमिनीत पडतात आणि घरे काळीवर उभी राहतात. पाया खाली पक्क्या मुरमापर्यंत नेला नाही, तर दोन पावसाळ्यांत दाराच्या चौकटीवरून तिरपी भेग निघते. तिला कोणी दृष्ट म्हणते, कोणी मिस्त्रीला शिव्या देते. बहुतेक वेळा दोष मातीचा असतो आणि तो आधी कळण्यासारखा असतो.

जुन्या घराची रचनाही आठवा. पुढे सपरी, मग बैठक, माजघर, मागे स्वैपाकघर आणि परसदार. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर धाबे किंवा कवेलू. जाड मातीतून ऊन आत यायला वेळ लागतो. दिवसभराची उष्णता भिंत पार करून आत पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. सपरीमुळे ऊन थेट भिंतीवर पडत नाही. म्हणून वैशाखातही माजघरात दुपारची झोप लागत असे.

आता ह्या घरांचे पोवाडे गाण्याचाही माझा हेतू नाही. धाबे दर पावसाळ्यापूर्वी माती घालून चोपावे लागे. कवेलू माकडे फोडत. वाळवी होती, विंचू होते, आणि सारवणाने कंबर मोडे ती बाईचीच. सिमेंटचे घर आले तेव्हा त्याचे स्वागत सर्वांत जास्त मनापासून कोणी केले असेल तर ते बायकांनी, आणि त्यांचे चुकले नाही. गळत नाही, सारवावे लागत नाही, एकदा बांधले की मुलांपर्यंत पुरते. पण सिमेंट आणताना जुने शहाणपण आपण तिथेच टाकून दिले. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खाली सोडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो. अशा वेळी स्लॅबखाली किंवा टिनाखाली दिवसा स्वैपाक करणे आणि रात्री लेकराला निजवणे काय असते, ते ह्या सभेत मी सांगायला नको.

तेव्हा प्रश्न असा आहे की नवे सामान आणि जुने शहाणपण ह्यांचा मेळ कसा घालावा. नेमक्या ह्याच प्रश्नाशी आजचे चांगले वास्तुविशारद झगडत आले आहेत. त्यांच्यापैकी काहींची ओळख आता करून देते.

आपल्या देशात ह्या विद्येचे जुने माहेरघर म्हणजे मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय. तिथूनच १९३६ साली पेरीन मिस्त्री ह्या पारशी मुलीने वास्तुकलेची पदविका घेतली. ही पदविका घेणारी ती भारतातली पहिली स्त्री. बाईने घराचा नकाशा काढावा ही कल्पनाच त्या काळी लोकांना चमत्कारिक वाटत असणार. आज ह्या विद्येच्या वर्गांतून मुली मोठ्या संख्येने शिकतात. मुंबईच्या ब्रिंदा सोमय्या ह्यांनी २००१ च्या गुजरातच्या भूकंपानंतर कच्छातले भाडली गाव गावकऱ्यांना बरोबर घेऊन पुन्हा उभारले. पुण्यात जन्मलेल्या अनुपमा कुंडू ह्यांनी पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलला राहून माती, वीट आणि हातकाम ह्यांतून कमी खर्चाची घरे कशी होतील ह्याचे प्रयोग केले. वास्तुकलेतला प्रित्झकर नावाचा पुरस्कार लोक नोबेलच्या तोडीचा मानतात. तो १९७९ पासून देण्यात येतो, पण पहिल्यांदा एका स्त्रीला, झाहा हदीद ह्यांना, मिळायला २००४ साल उजाडावे लागले. घर चालवणारी बाई जगाच्या आरंभापासून आहे, पण घर आखणारी म्हणून तिला मान मिळायला इतका उशीर झाला.

ह्याच मुंबईच्या विद्यालयातून शिकलेले अच्युत कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे. पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला शिकून आले. त्यांनी कानपूरच्या आय.आय.टी.च्या इमारती उभारल्या, आणि गुजरातेत मेहसाण्याची दूधसागर डेअरीही आखली. डेअरीच्या छतावर त्यांनी उंच धुराड्यांसारखे मनोरे काढले आणि आतली गरम हवा वर निघून जाईल अशी सोय केली. गरम हवा वर जाते हे आपल्याला चुलीपाशी बसून ठाऊक आहेच. तिला वाट करून दिली की खोली निवते. स्वैपाकघराला वरच्या अंगाला झरोका ठेवायला कितीसे पैसे लागतात? पण तो नकाशात राहून जातो, कारण नकाशा काढणारा चुलीपाशी बसलेला नसतो.

आता आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात चला. १९३६ साली महात्मा गांधी शेगावला राहायला आले. पुढे त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथल्या कुट्या गावच्या मातीच्या, बांबूच्या आणि कवेलूच्या. आज जिला आपण बापूकुटी म्हणून हात जोडतो ती मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी होती. तिच्या भिंतीवर त्यांनी मातीतच उठवलेली ताडाची झाडे अजून दिसतात. १९७८ साली इव्हान इलिच हे युरोपातले विचारवंत सेवाग्रामला आले होते. तेव्हा त्यांनी आपले भाषणच ह्या झोपडीवर केले. माणसाला राहायला किती जागा आणि किती सामान पुरते हे ती झोपडी शिकवते, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. आपल्यापैकी बहुतेक जणी सेवाग्रामला गेल्या असतील. पुढच्या खेपेला दर्शन झाल्यावर थोडे थांबा आणि खिडक्या कुठे आहेत, छप्पर भिंतीच्या किती पुढे आले आहे, वारा कुठून शिरतो, एवढे पाहा.

गांधीजींच्याच एका वाक्याने एका इंग्रज वास्तुविशारदाचे आयुष्य फिरले. त्यांचे नाव लॉरी बेकर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस चीनमधून परतताना मुंबईत त्यांची गांधीजींशी गाठ पडली. घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधावे, असे गांधीजींचे म्हणणे त्यांनी ऐकले आणि ते जन्मभर पाळायचा प्रयत्न केला. भारतात त्यांनी आधी कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांचे काम केले. मग डॉक्टर असलेल्या पत्नीबरोबर हिमालयातल्या पिठोरागडला अनेक वर्षे काढली आणि शेवटी केरळात स्थायिक झाले. २००७ साली ते वारले. त्यांच्या दोन युक्त्या आपल्या मिस्त्रींनाही सहज जमण्यासारख्या आहेत. पहिली, विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या रचायच्या आणि मध्ये पोकळी सोडायची. ह्या रचनेत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत कमी येते. दुसरी, स्लॅब भरताना खालच्या अंगाला जिथे काँक्रीटचा भार पेलायला उपयोग होत नाही, तिथे जुनी मंगलोरी कौले बसवायची. सिमेंट आणि लोखंड दोन्ही वाचते, आणि छत कमी तापते.

आता दोन मोठ्या वस्त्यांची गोष्ट सांगते, कारण आपल्याकडच्या घरकुलांचा प्रश्न तिथे वेगळ्या रीतीने सोडवला गेला. पहिली इंदूरची. आपल्यातल्या पुष्कळ जणी साड्यांच्या खरेदीला इंदूरला जातात, तेव्हा गाव ओळखीचे आहे. तिथे अरण्य नावाची वसाहत बाळकृष्ण दोशींनी आखली. दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले. एकत्र कुटुंब, आजोबांचा लाकूडसामानाचा कारखाना, आणि माणसे वाढतील तसे वाढत जाणारे घर, हे त्यांनी लहानपणी पाहिले. पुढे पॅरिसला ल कॉर्ब्युझिए ह्या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाच्या हाताखाली काम करून ते अहमदाबादला आले. १९६२ साली त्यांनी तिथे वास्तुकलेचे विद्यालय काढले. २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि २०२३ च्या जानेवारीत ते वारले.

अरण्य वसाहतीत सुमारे ६,५०० घरांची आखणी झाली. सर्वांत गरीब कुटुंबाला ३५ चौरस मीटरचा प्लॉट. त्यावर सरकारने पूर्ण घर बांधून दिले नाही. जोते, पाणी, संडास-न्हाणी आणि फार तर एक खोली, एवढेच दिले. बाकीचे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. कसे वाढवता येईल हे दिसावे म्हणून ८० घरे नमुन्यादाखल बांधली. कोणाच्या घराला बाहेरून जिना, कोणाला पुढे दुकान, कोणाला गच्ची, कोणाला ओटा. गरिबाला एकदम मोठे घर परवडत नाही, पण मुलगा कमावता झाला की एक खोली, सून आली की दुसरी, असे घर तो वाढवतोच. घर वाढणार हे आधीच धरून आखले तर वाढताना ते बिघडत नाही, हे दोशींनी ओळखले. १९९५ साली ह्या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला.

दुसरी वस्ती नव्या मुंबईतल्या बेलापूरची. तिचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी ही सूचना १९६४ साली त्यांनी, प्रवीणा मेहता ह्या वास्तुविशारद बाईंनी आणि शिरीष पटेल ह्या इंजिनिअरांनी मिळून मांडली होती. त्यातूनच पुढे नवी मुंबई झाली. १९८० नंतरच्या दशकात कोरियांनी बेलापूरला जी घरे बांधली ती लहान, बैठी आणि गावच्या मिस्त्रीला बांधता येतील अशी. सात-सात घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण. एका घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, म्हणजे शेजाऱ्याशी तंटा न होता आपले घर वाढवता यावे. भाऊबंदकीचे खटले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ह्या एका गोष्टीची किंमत कळेल. पुढे तिथल्या जागेला भाव आला, पुष्कळ जुनी घरे पाडून लोकांनी मोठी घरे बांधली, आणि मूळची काही थोडीच उरली. वास्तुविशारद आखतो, पण शेवटी घर कसे होते हे राहणारे आणि बाजारभाव ठरवतात. पण मधली अंगणे राहिली, आणि तिथे मुले खेळतात.

तिसरे उदाहरण दूरचे आहे, पण आपल्यासारख्याच उन्हाच्या मुलखातले. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा गरीब देश आहे. तिथल्या गांडो ह्या खेड्यातला एक मुलगा, फ्रान्सिस केरे, जर्मनीत वास्तुकला शिकला आणि त्याने पहिले काम काय केले? आपल्या गावाला शाळा बांधून दिली. ती २००१ साली पुरी झाली. मातीत थोडे सिमेंट घालून विटा पाडल्या. वर विटांचेच छत घातले आणि त्याच्या बऱ्याच वर, आधार देऊन, टिनाचे छप्पर उचलून धरले. टिन तापते, पण ते छताला टेकलेले नसल्यामुळे मधली गरम हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. खाली वर्ग थंड राहतो. आपल्याकडे टिन थेट डोक्यावर येते आणि म्हणून आपण भाजून निघतो. तेच टिन हातभर वर उचलले की वेगळे होते. ह्या शाळेची जमीन गावच्या बायकांनी ओळीने बसून, गाणी म्हणत, चोपून गुळगुळीत केली. जमीन चोपणे आपल्या आज्यांना काही नवे नव्हते. फरक इतकाच की तिथे त्या चोपण्याला कामगिरी म्हणून मान मिळाला. केरेंना २०२२ साली प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, म्हणजे पुन्हा मातीची घरे बांधा असेच ना? तसे मी म्हणत नाही, आणि त्याला कारण किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घरांखाली गेली. भिंती जाड होत्या, पण गोट्यांच्या आणि मातीत रचलेल्या. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना आरपार बांधणारे लांब दगड नव्हते. वर धाब्याच्या मातीचा दरवर्षी वाढत गेलेला भार. जमीन हलली तशी भिंत दुभंगली आणि धाबे खाली आले. तेव्हा जुने ते सगळे सोने नव्हे. जुन्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे जाणत्याला विचारूनच ठरवावे लागते.

पण किल्लारीची पुढची हकीकत आपल्या मंडळाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी सरळ रुंद रस्ते आणि शहरी पद्धतीची घरे आली. शेजार तुटला, शेत लांब पडले, आणि गुरे, सरपण, धान्य ठेवायला जागा नाही अशी कुरकुर लोकांनी केली. मात्र जी हजारावर गावे पडली नव्हती, नुसती हादरली होती, तिथे सरकारने घरे दुरुस्त करून मजबूत करण्याचे काम काढले. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. होय, महिला मंडळांनाच! बायकांनी भूकंपात न पडणारे घर कसे असते ते शिकून घेतले, घरोघर जाऊन समजावले, इंजिनिअरांना प्रश्न विचारले आणि मिस्त्रीच्या कामावर लक्ष ठेवले. हळदीकुंकू आणि भजन करणारी मंडळेच होती ती, आपल्यासारखीच.

आता आपल्या दाराशी येऊ. २०१५ साली शहरांसाठी आणि २०१६ साली खेड्यांसाठी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. खेड्यातल्या घरकुलाचे किमान क्षेत्र, स्वैपाकाची जागा धरून, २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. घर शक्यतो पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे असावे असा नियम आहे. भगिनींनो, हा नियम लहान नाही. आपल्या आज्यांच्या नावे सातबारा नव्हता, घर नव्हते. आता कागदावर बाईचे नाव आले. पण कागदावर सही करणारी बाई नकाशा पाहते का? ज्या २७० फुटांत आपल्याला कापूस वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस ठेवायचा, तुरीचे पोते ठेवायचे, वाळवणे घालायची, म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी सांभाळायची, तिथे एकेक फूट तिने ठरवायला हवा. नमुना हवा असेल तर केंद्र सरकारच्या ग्रामविकास खात्याने दिल्लीच्या आय.आय.टी.च्या मदतीने काढलेले ‘पहल’ नावाचे पुस्तक आहे. निरनिराळ्या प्रदेशांच्या हवेला आणि तिथल्या सामानाला साजेसे घरांचे नकाशे त्यात दिले आहेत. ते मागवून मंडळाच्या कपाटात ठेवावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

नकाशा वाचता येत नाही अशी अडचण पुष्कळ जणी सांगतात. त्यावर उपाय सोपा आहे. पाया खणण्याआधी एक दिवस रिकाम्या प्लॉटवर फक्की घेऊन जा आणि ठरलेल्या मापाने भिंती जमिनीवर आखा. दारांच्या जागी रिकामी जागा सोडा. मग आत खाट टाका, शेगडी ठेवा, पाण्याचे पिंप ठेवा, कापसाच्या ढिगाची जागा आखा, आणि त्यातून हंडा घेऊन चाला. कुठे कोपर लागते, दार कुठे उघडते, चुलीवरच्या बाईवर उजेड पडतो की नाही, सगळे दहा मिनिटांत कळते. फक्कीची रेघ पायाने पुसून पुन्हा काढता येते. विटांची भिंत काढता येत नाही.

त्याच दिवशी मिस्त्रीला चार गोष्टी विचारा. पाया मुरमापर्यंत जाणार ना? पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी का ठेवली आहे, आणि ठेवलीच तर तिच्यावर सज्जा आहे का? एका बाजूने आलेल्या वाऱ्याला दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट आहे का? स्वैपाकघराला वर झरोका आहे का? आणि पुढे एक खोली वाढवायची झाली तर ती कोणत्या बाजूने वाढेल? स्लॅब झालेलाच असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाला त्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. दोशींनी अहमदाबादच्या आपल्या कचेरीच्या घुमटाकार छपरांवर चिनीमातीचे पांढरे फुटके तुकडे बसवले होते, ते ह्याचसाठी.

एक शेवटची गोष्ट. बांधकामावर विटा, वाळू, पाणी डोक्यावर वाहून नेते ती रेजा, म्हणजे बाई. पण थापी तिच्या हाती सहसा येत नाही. झारखंडात २०१८ च्या सुमारास खेड्यांतले संडास बांधण्यासाठी हजारो बायकांना गवंडीकाम शिकवले, आणि लोक त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणू लागले. आपल्याकडच्या एखाद्या रेजेने थापी धरायचे म्हटले तर तिच्या पाठीशी हे मंडळ उभे राहील, एवढे आपण आज ठरवले तरी वर्धापनदिन सार्थकी लागेल. आणि ज्यांच्या मुली दहावी-बारावीला आहेत, चित्रकला आणि गणित दोन्हीत ज्यांना गोडी आहे, त्यांनी डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीला ह्या विद्येचाही विचार करावा. नांदगावची मुलगी वास्तुविशारद होऊन आली, तर तिला वऱ्हाडचे ऊन आणि काळी माती नव्याने शिकवावी लागणार नाही.

मोठे वास्तुविशारद आपल्या अंगणात येतील तेव्हा येतील. तोपर्यंत त्यांनी जे शिकवले ते करायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. ज्या भगिनींची घरे ह्या वर्षी व्हायची आहेत त्यांनी मंडळाला कळवावे. फक्की घेऊन आम्ही चार जणी येऊ.